जांगड नेलेला हिरा

ते वर्ष दोन हजार बावीस. कार्तिक सरत आला होता, तुळशीची लग्नं उरकली होती आणि माझी नात भार्गवी हिचं लग्न मार्गशीर्षात धरलं होतं. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर. लातूरच्या सराफ्यात गुरुपादप्पांच्या दुकानात मी बसले होते. समोर पांढऱ्या कागदावर एक हिरा होता आणि तो मला आवडून गेला होता. गुरुपादप्पांशी आमचा चाळीस वर्षांचा घरोबा. माझ्या पाटल्या त्यांनी घडवल्या, सुनेचं मंगळसूत्र त्यांनी ओवलं. मी हिरा घेते म्हणाले तसा त्यांनी दिवा जवळ ओढला, खडा चिमट्यात धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. त्यांनी चिमटा जरासा कलता केला. खड्याच्या पोटातून एक निळी-जांभळी लहर सर्रकन गेली. साचलेल्या पाण्यावर रॉकेलचा थेंब पडला की जसा रंग पसरतो, तशी. मी भिंग बाजूला केलं तर काही नाही. पुन्हा लावलं, पुन्हा ती लहर. "ताई, हिरा खराच हाय," गुरुपादप्पा म्हणाले. "जमिनीतलाच हाय. पण ह्याच्या पोटात भेग व्हती आन् ती भरलेली हाय. काचेसारखं काहीतरी आत सोडतात, मंग भेग दिसत न्हाई. कुणाच्या डोळ्याला दिसायची बी न्हाई. पण मी तुम्हाला सांगितल्याबिगर कसा देऊ?"

मी विचारलं, मग ह्याला झालं काय? ते म्हणाले, घालायला काही नाही, जन्मभर घाला. फक्त आच नको. आमच्या भट्टीची आच लागली की आतलं भरलेलं निघून येतं आणि भेग उघडी पडते. म्हणजे अंगठी आधी घडवायची आणि खडा थंड बसवायचा, पुढे ती मोडून दुसरं काही करायचं तर आधी खडा काढायचा, फार उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, लिंबू-व्हिनेगार लावायचं नाही. एवढाच दुसरा स्वच्छ हिरा हवा तर माझ्या पाटल्यांसारख्या आणखी पाच पाटल्या मोडाव्या लागल्या असत्या. प्रयोगशाळेत केलेला स्वस्तात मिळतो, अगदी निर्मळ, असंही त्यांनी सांगितलं. तो मला नको होता. कारखान्यातून आलेली वस्तू मी नातीच्या बोटात कशी घालू, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. घरी सांगायचं की नाही ते तुमचं, असं ते अगदी सहज म्हणाले, आणि तिथून माझ्या जिवाला घोर लागला.

कारण मी शब्द दिला होता. भार्गवी सहा-सात वर्षांची असताना मी लातूरला मुलाकडे राहायला येई. मुलाचं घर तेव्हा डाळमिलच्या मागच्या गल्लीत होतं. रस्त्यावर डाळ सांडलेली असे आणि ही पोरगी एकेक डाळ उचलून बोटावर ठेवून मला दाखवी, आजी, अंगठी. मी म्हणाले होते, तुझ्या लग्नात तुला तुरीच्या डाळीएवढा हिरा घेईन. मुलं विसरतात असं आपण समजतो. लग्न ठरलं त्या दिवशी तिनं फोनवर पहिलं वाक्य हेच म्हटलं, आजी, डाळ आठवते ना? समोरचा खडा बरोबर तुरीच्या डाळीएवढा होता. माझा चेहरा बघून गुरुपादप्पाच म्हणाले, आज काही ठरवू नका, जांगड न्या. जांगड म्हणजे माल घरी न्यायचा, बघायचा, दाखवायचा, पटला तर ठेवायचा, नाही तर परत करायचा. दोन्हीकडून विश्वास. आठ दिवसांची बोली झाली. त्यांनी खडा पातळ कागदाच्या पुडीत घातला, पुडी डबीत, आणि मी डबी कमरेच्या पिशवीत खोचली.

नांदेडची एसटी अहमदपूरला थांबली तेव्हा मी खाली उतरले नाही. लोहा येईपर्यंत मी तीनदा पिशवी चाचपली. शेजारी बसलेली बाई म्हणाली, मावशे, पोटात दुखून राहिलं का? मी हो म्हणाले. एवढ्या पटकन हो म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं. मला खोटं सुचायला वेळ लागत नाही, हे त्या बसमध्ये पुन्हा एकदा कळलं. खिडकीतून सोयाबीन निघालेली काळी रानं मागे जात होती. आदल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दोन्ही डोळ्यांत आता परक्या काचा आहेत आणि त्यांतूनच मला हे सगळं इतकं स्वच्छ दिसतंय, तेही मी कुणाला सांगत बसत नाही. मग ह्या खड्याचंच सांगायला हवं असं कुठे आहे? पण माझ्या डोळ्यांबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. आणि विचारलंच, तर? उद्या भार्गवीच्या सासूनं अंगठी हातात घेऊन म्हटलं, छान आहे, काही दोष नाही ना? ह्या वाक्याशी आले की माझं मन मागे फिरे. तो प्रश्न मी पूर्वी ऐकलेला होता.

नांदेडच्या घरी आम्ही दोघी राहतो, मी आणि माझी धाकटी बहीण विशाखा. अनंतरावांना, म्हणजे माझ्या यजमानांना जाऊन आठ वर्षं झाली होती. विशाखा त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे आहे. तीस वर्षं तिनं बालवाडी चालवली. गल्लीतले अर्धे बाप्ये तिच्या हातचे अ-आ-ई शिकलेले आहेत आणि ती अजूनही त्यांना रस्त्यात थांबवून नाक पुसायला सांगते. मी डबी उघडून तिला हिरा दाखवला. तिनं खिडकीशी नेऊन पाहिला. लई छान आहे, म्हणाली. मग म्हणाली, एवढा मोठा, परवडला कसा? मी म्हणाले, गुरुपादप्पांनी ओळखीत दिलाय, अजून पक्कं नाही, जांगड आहे. भेगेचं बोलले नाही. का बोलले नाही, ह्याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तिला सांगितलं तर ठरवणं दोघींचं झालं असतं. आणि असल्या गोष्टी मी तिच्यापुढे कधीच बोलत नसे, दोष झाकण्याच्या, सांगण्या-न सांगण्याच्या. त्या बाजूला आम्ही दोघींनी अठ्ठेचाळीस वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं. खडा मी अनंतरावांच्या चष्म्याच्या घरात ठेवला, कपाटात. रोज अकराच्या सुमारास पुढच्या खिडकीत ऊन येतं. मी खडा काढायची, कलता करायची, लहर दिसते का बघायची. नुसत्या डोळ्यांनी दिसत नसे. मग दिसल्यासारखी वाटे. मग डोळे दुखत. विशाखा म्हणे, अगं मांजर पिल्लं फिरवतं तशी ती डबी घेऊन काय फिरून राहिलीस घरभर? घ्यायचा तर घे, नाही तर देऊन टाक.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर. आमचं माहेर भोकरचं, वडील शाळेत मास्तर. माझं लग्न होऊन मी नांदेडला आले होते, पदरात मुलगा होता. विशाखा विसाची. तिला फेफरं येई. घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे, 'तिचं ते' म्हणत. तिचं ते काल झालं, तिचं ते दोन महिन्यांत नाही. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, सगळं करून झालं होतं, गोळ्या त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आल्या. देवणीचं स्थळ आलं. मुलगा किशनराव, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. दिसायला बरा, बोलायला अगदी कमी. वडिलांनी आम्हाला सगळ्यांना एका ओळीत उभं करून सांगितलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं तर काय, ते सांगितलं नव्हतं. पाहुणे आले तेव्हा मी स्वयंपाकघरात कढईत शेंगदाणे भाजत होते. मुलाची आई, गुणाबाई, पाणी प्यायच्या निमित्तानं आत आल्या. उंच बाई, कपाळ मोठं. चुलीशेजारी टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तू थोरली हायस, लेकुरवाळी हायस. मी दुसऱ्या कुणाला इचारीत न्हाई. पोरीला काही दुखणं-बिखणं हाय का?" मी म्हणाले, नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि उठल्या. आणखी काही विचारलं नाही, इतर कुणाला विचारलं नाही. शेंगदाणे करपले होते. तो वास पुढे कितीतरी दिवस माझ्या केसांना होता.

लग्नानंतर चौदा महिन्यांनी गुणाबाई विशाखाला स्वतः घेऊन आल्या. सायकलवरून पडून गळ्याजवळचं हाड मोडलेलं, हात झोळीत. सायकलवर असतानाच 'तिचं ते' झालं होतं, दवाखान्यामागच्या मैदानात, चारचौघांत. मी तेव्हा भोकरलाच होते. गुणाबाई भांडल्या नाहीत, पाणी सुद्धा प्यायल्या नाहीत. ट्रंक दारात ठेवली. वडिलांकडे, आईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "मी तुला इचारलं व्हतं." आणि परतीची गाडी धरायला निघून गेल्या. हे विशाखाच्या देखत झालं की ती आत गेली होती, हे मला नक्की आठवत नाही. मी ते कधी आठवू दिलं नाही. वडील गेल्यावर मी तिला नांदेडला आणलं. लोक म्हणत, थोरलीनं बहिणीचं केलं. मी ऐकून घेई.

सहाव्या दिवशी सकाळी मी ब्लाउज टाकायला शिंप्याकडे गेले. दुपारी भार्गवी यायची होती, तिला लग्नाची साडी दाखवायला. शिंप्याकडे गर्दी होती. परत आले, चपला काढताना वास आला. करपल्याचा. चुलीवर काही राहिलं असेल म्हणून मी आत गेले तर ओट्यापाशी विशाखा उभी, हातावर ओला पंचा, पंच्यावर तो खडा. शेगडीवर स्टीलचं लहान पातेलं, तळाशी काळपट चिकटलेलं. आमची आई दर दिवाळीला तिची नाकातली हिऱ्याची फुली रिठ्याच्या पाण्यात उकळून काढायची. हिरा त्यानं लखलखतो, हे आम्हा दोघींना लहानपणापासून ठाऊक. पोरगी येणार, खडा हाताळून मळलाय, म्हणून विशाखानं तो रिठ्यात टाकला. एवढ्यात बालवाडीतल्या कुठल्या जुन्या विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. ती फोनवर बोलत बसली आणि पाणी आटून पातेलं कोरडं पडलं. मी खडा हातात घेतला. एका कडेपासून मधोमध पांढरट रेघ गेली होती, तिच्याभोवती धुरकट. ऑपरेशनच्या आधी आरशात माझा डोळा दिसे, तसा तो दिसत होता.

"माझ्या हातून फुटला गं," विशाखा म्हणाली. तिचा आवाज फार बारीक झाला होता. "माझ्या हातून काहीच धड होत नाही."

आता मी जे लिहिते आहे ते कुणी मला विचारलेलं नाही. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. खडा तिनं खराब केला. संपलं. गुरुपादप्पांना सांगायचं, बहिणीच्या हातून झालं. भार्गवीला सांगायचं, मावशीआजीच्या हातून झालं. भरलेला खडा घ्यायचा की नाही, सांगायचं की नाही, काही ठरवायला नको. फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला येत होतं. विशाखा माझ्या तोंडाकडे बघत होती. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि आई रागावेल म्हणून उभी राहावी तशी उभी. भोकरच्या दारात, हात झोळीत घेऊन, ती अशीच उभी होती. म्हणजे ती आत गेलेली नव्हती. तिनं ऐकलं होतं. मला नीट आठवलं.

मी म्हणाले, "तू नाही फोडलास. तो आधीच चिरलेला होता. मला माहीत होतं, मी तुला सांगितलं नाही." आणि बोलायला तोंड उघडलंच होतं म्हणून की काय, तिथेच ओट्याला टेकून मी पुढचंही बोलले. शेंगदाण्यांची कढई, गुणाबाई, त्यांचा प्रश्न, माझं 'नाही'. इतकी वर्षं मनात हे सगळं मोठं प्रकरण होतं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

विशाखानं पातेलं नळाखाली धरलं. बराच वेळ ते घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "मी दाराआडच होते की. तू नाही म्हणालीस तेव्हा मला इतका आनंद झाला, वाटलं धावत येऊन तुला मिठी मारावी." ती वळली. "मलाही जांगडच नेलं होतं असं समज. चौदा महिने. पण मी सायकल शिकून आले ना. भोकरला मला कुणी विहिरीच्या बाजूला फिरकू देत नव्हतं. तिथं मागच्या मैदानात बैल बांधलेले असायचे, लाल-पांढरे, आणि मी त्यांच्याभोवती गोल गोल सायकल चालवायची. हे मागून पळायचे. त्यांना मी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, मला असं असं होतं म्हणून."

मी थक्क झाले. विचारलं, किशनरावांना माहीत होतं? मग ते आईपुढे बोलले का नाहीत?

"गप्प बसले. तेही तुझ्यासारखेच," ती म्हणाली. आणि मग, पंचा झटकत, "मला राग त्याचा नाही. राग ह्याचा आलाय की सहा दिवस ती पुडी घरात आहे, तू तिच्यापायी जेवत नाहीस, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. सांगितलं असतंस तर मी कशाला रिठ्यात टाकला असता?"

मी तिच्या हातातला पंचा घेऊन वाळत टाकला.

भार्गवी आली ती भुकेली आली. तिला भाकरी वाढता वाढता आम्ही दोघींनी सगळं सांगितलं, एकीचं वाक्य दुसरीनं तोडत. ती दातांची डॉक्टर आहे. खडा बोटांत धरून तिनं दाताकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि हसायला लागली. म्हणाली, आजी, मी दिवसभर हेच करते. किडलेलं कोरायचं, भरायचं, कुणाला कळू द्यायचं नाही. फक्त गरम-गार सांभाळा म्हणून सांगते. मग थोड्या वेळानं, ताटावरच, तिनं जे म्हणायचं ते म्हटलं. अंगठी ती घालूच शकत नव्हती. दिवसभर हातमोजे, खडा टोचला की मोजा फाटतो. पण आजीनं शब्द दिलेला, तिला वाईट वाटेल, म्हणून दोन महिने बोलली नव्हती. मी आणि विशाखानं एकमेकींकडे पाहिलं. आमच्या घराचं रक्त तिच्यातही उतरलं होतं.

आठव्या दिवशी मी आणि विशाखा दोघी लातूरला गेलो. गुरुपादप्पांनी पुडी उघडली, भिंग लावलं, आणि हळूच म्हणाले, रिठ्याला पन्नास वर्षं मी नावं ठेवली न्हाईत, आता ठेवावी लागतील. मी म्हणाले, जांगड मोडली, खडा माझा झाला. ते म्हणाले, घाई नका करू, परत भरून आणता येतो, सुरतेला धाडतो, महिन्यात पहिल्यासारखा. मी काही बोलायच्या आत विशाखा म्हणाली, नको. मला द्या, आहे असाच.

तिनं उभ्या आयुष्यात माझ्याजवळ काही मागितलेलं नव्हतं. आईची फुली तिला लग्नात दिलेली, पण ती देवणीहून परत आली तेव्हा आईनं स्वतःच काढून घेतली होती. कुणाला दिली ते आम्हाला माहीत नाही. गुरुपादप्पा तिच्याकडे आणि खड्याकडे आळीपाळीनं पाहत राहिले. मग म्हणाले, "घ्या अक्का. एका परीनं बरंच झालं. आता ह्याला आचेची भीती न्हाई. आतलं जायचं ते गेलं. आता कितीबी मोडा, कितीबी घडवा." तिनं नुसती साधी अंगठी सांगितली, सोन्याचा पातळ वेढा. त्यांनी तो आमच्यासमोर घडवला आणि खडा बसवून सांध्याला शेवटचा डाग फुंकणीनं दिला. निळसर ज्योत खड्याला चाटून गेली तेव्हा मी डोळे मिटले. विशाखानं नाही मिटले.

भार्गवीला मी मोहरीएवढा स्वच्छ हिरा घेतला, नाकात. डाळीऐवजी मोहरी, म्हणून ती अजून चिडवते. ती आणि तिचा नवरा अनय औसा रोडला दवाखाना चालवतात, मागच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. गुरुपादप्पा आता दुकानात येत नाहीत. त्यांची नात शिवांगी बसते, आणि प्रयोगशाळेतले हिरे काचेत लावून ठेवते. किशनरावांनी दुसरं लग्न केलं होतं, चार मुलं झाली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले, हे आम्हाला देवणीच्या एका नर्सकडून वर्षभरानं कळलं होतं. विशाखा त्या दुपारी गोळी घ्यायला विसरली होती. तिची तब्येत ठणठणीत आहे. अंगठी ती दिवाळीत रिठ्यानं धुते, उकळून, आणि भार्गवीच्या मुलीला मोठेपणी मोडून काय करायचं ते तिनं आत्ताच ठरवलंय, मला सांगत नाही.

गुणाबाई केव्हा गेल्या, कळलं नाही. आम्हाला कोण कळवणार? विशाखानं मला माफ केलं, बहुतेक. पण प्रश्न तिनं विचारलेला नव्हता. ज्यांनी विचारला, त्या गुणाबाई चुलीशेजारून विश्वासानं उठून गेल्या, आणि त्यांना द्यायचं उत्तर मी अठ्ठेचाळीस वर्षांनी दिलं, दुसऱ्याच कुणाला.